चार्ज की ब्लॉक? पंचाची नजर कुठे हवी

३१ मे २०१८. ओकलंडमध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. शेवटची ३६ सेकंदं उरली होती. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स १०४, गोल्डन स्टेट वॉरियर्स १०२. वॉरियर्सचा केविन ड्युरंट ड्रिबल करत बास्केटकडे घुसला, लेब्रॉन जेम्स मदतीला धावून त्याच्या वाटेत आला आणि दोघांची टक्कर झाली. पंचांनी चार्ज दिला. म्हणजे चूक ड्युरंटची, चेंडू क्लीव्हलँडचा. त्यानंतर पंच रीप्ले बघायला पडद्याकडे गेले आणि परतले ते निर्णय उलटवूनच: ब्लॉक, चूक जेम्सची. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो टाकले, बरोबरी झाली. सामना जादा वेळेत गेला आणि वॉरियर्सनी तो १२४-११४ असा जिंकला. जेम्सने त्या रात्री ५१ गुण केले होते.

जगातले निवडक पंच, एकच टक्कर आणि पाच-दहा मिनिटांच्या आत दोन विरुद्ध निर्णय. बास्केटबॉलमध्ये शिट्टी हातात घेतलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड निर्णय कोणता? बहुतेक जण हाच सांगतील. तरीही हा निर्णय नशिबावर सोडलेला नाही. त्यामागे नीट विचार करून बांधलेली पद्धत आहे, आणि ती समजली की प्रेक्षक म्हणूनही खेळ वेगळाच दिसायला लागतो.

बचावपटूने आपली जागा नियमाने मिळवली असेल आणि चेंडू घेऊन येणारा त्याच्या अंगावर आदळला, तर तो चार्ज. बचावपटू उशिरा पोहोचला, सरकता सरकता समोरच्याच्या अंगावर गेला किंवा हात, कंबर, गुडघा बाहेर काढून त्याने वाट अडवली, तर तो ब्लॉक. एवढंच. पण दोन्हींच्या परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चार्ज दिला की सहसा बास्केट रद्द, फ्री थ्रो नाही आणि चेंडू समोरच्या संघाकडे. शॉट चालू असताना ब्लॉक दिला तर दोन फ्री थ्रो. चेंडू आत पडला असेल तर बास्केट मोजून वर आणखी एक. शिवाय फाउल कुणाच्या नावावर चढतो हा प्रश्न आहेच. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर बसतो, एनबीएमध्ये सहाव्या. चौथ्या क्वार्टरमध्ये मुख्य खेळाडूचा पाचवा फाउल आणि त्याच्या संघाचं बास्केट यांतलं एकच काही होणार असतं, आणि ते ठरवायला पंचाला जेमतेम एक श्वास मिळतो.

आता प्रेक्षागारातून सर्वांत जास्त ऐकू येणारी ओरड घेऊ: “अहो, तो हलत होता!” बचावपटू दगडासारखा स्तब्ध उभा असेल तरच चार्ज मिळतो, अशी पक्की समजूत आहे. पालकांची आहे, खेळाडूंची आहे आणि काही प्रशिक्षकांचीही आहे. ती चूक आहे. फिबाचा नियम सुरुवातीला दोनच गोष्टी मागतो: बचावपटूचं तोंड समोरच्या खेळाडूकडे हवं आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. या स्थितीला लीगल गार्डिंग पोझिशन म्हणतात. ती एकदा मिळवली की त्याला हलायची मुभा आहे. तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना एक किंवा दोन्ही पाय क्षणभर उचलले गेले तरी चालतं. धडक बसणार हे दिसल्यावर छाती वाचवायला तो आपल्या जागेत वळूही शकतो. चालत नाही ती एकच गोष्ट: पुढे, म्हणजे चेंडूवाल्याच्या दिशेने जाणं. म्हणून पंचाने स्वतःला “हा हलत होता का?” असं विचारायचं नसतं. “हा कुठल्या दिशेने हलत होता?” असं विचारायचं असतं.

दुसरी ओरड: “त्याला थांबायला वेळच दिला नाही!” चेंडू हातात असलेल्याला वेळ देण्याचं बंधन बचावपटूवर नाही. चेंडू घेतला की कुणीतरी समोर येणार हे गृहीत धरायचं आणि थांबायची किंवा दिशा बदलायची तयारी ठेवायची, अशी नियमाची अपेक्षा आहे. शेवटच्या निमिषात जागा घेतली तरी ती वैध ठरते. अट एवढीच की जागा घेताना धक्का लागलेला नसावा. चेंडू नसलेल्या खेळाडूचं मात्र तसं नाही. तो पळत असताना अचानक त्याच्या वाटेत उभं राहता येत नाही. त्याच्या वेगाप्रमाणे अंतर सोडावं लागतं, निदान एका नेहमीच्या पावलाएवढं. म्हणजे एकच कृती चेंडूवाल्यासमोर नियमात बसते आणि बिनचेंडूवाल्यासमोर फाउल ठरते. नवखे पंच इथे सर्वांत जास्त गोंधळतात.

तिसरी खूण धडकेच्या जागेची. धक्का बचावपटूच्या धडावर, छातीवर बसला असेल, तर तो तिथे आधी पोहोचला होता असं धरायला आधार मिळतो. धक्का खांद्याच्या कडेला, मांडीला किंवा बाहेर काढलेल्या हाताला लागला असेल, तर तो वाटेत पुरता आलेलाच नव्हता. त्याने अर्धवट शरीर मध्ये घातलं. अमेरिकेच्या शालेय नियमांत याचंच दुसरं टोक सांगितलेलं आहे. ड्रिबल करणाऱ्याचं डोकं आणि खांदे बचावपटूच्या पुढे निघून गेले असतील, तर त्यानंतरच्या धक्क्याची जास्त जबाबदारी बचावपटूची.

प्रत्येक खेळाडूभोवती नियमाने एक काल्पनिक नळकांडं कल्पिलं आहे, जमिनीपासून छतापर्यंत. पुढून तळहातांपर्यंत, मागून नितंबांपर्यंत आणि दोन्ही बाजूंनी हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्या आतली जागा त्याची. हात सरळ वर केले, सरळ वर उडी मारली, तर तो अजून स्वतःच्याच जागेत असतो. उडी मारताना छाती पुढे गेली किंवा हात पुढे झुकले की तो दुसऱ्याच्या जागेत शिरला. उंच बचावपटू रिंगखाली हात वर करून उडतो तेव्हा पंच त्याचे मनगट आणि कोपर का निरखतो, याचं उत्तर इथे आहे.

इथपर्यंतचं सगळं जमिनीवरचं. खरी कसोटी लागते ती चेंडूवाला हवेत गेल्यावर. हवेतला माणूस थांबू शकत नाही, वळू शकत नाही. म्हणून त्याचा हक्क मोठा आहे. जिथून उडाला तिथे उतरण्याचा हक्क त्याला आहेच. शिवाय उडताना जी वाट आणि उतरायची जी जागा मोकळी होती, तीही त्याचीच. तो उडाल्यानंतर त्या वाटेत कुणी सरकलं तर फाउल सरकणाऱ्याचा. हवेतल्या खेळाडूच्या पायाखाली घुसणं तर फार गंभीर मानलं जातं. तिथे सहसा अनस्पोर्ट्समनलाइक फाउल मिळतो, प्रसंगी खेळाडूला बाहेरही काढलं जातं. घोटा, गुडघा, डोकं, पाठ, काहीही जाऊ शकतं, म्हणून हा कडकपणा.

बचावपटूने नेमकी कधीपर्यंत जागा घेतलेली असावी? इथे तीन नियमपुस्तकं तीन वेगवेगळ्या क्षणांवर बोट ठेवतात. फिबा म्हणते, चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वी. एनबीए म्हणते, शॉटसाठी त्याची वर जाण्याची हालचाल सुरू होण्यापूर्वी. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलने २०२३मध्ये हा क्षण आणखी मागे खेचला: उडी घेण्यासाठी तो शेवटचा पाय रोवतो, त्यापूर्वी. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण ताशी वीस किलोमीटर वेगाने येणारा खेळाडू सेकंदाच्या पाचव्या हिश्शात एक मीटरहून जास्त अंतर कापतो, आणि तेवढ्यात बचावपटूचं एक आख्खं पाऊल पडून जातं. ड्युरंट-जेम्सच्या टकरीत नेमकं हेच झालं. पंच पडद्याकडे गेले होते ते जेम्सचा पाय रिंगखालच्या कमानीत आहे का हे बघायला. तो स्पष्टपणे बाहेर होता. पण त्या पाहणीत बचावाची स्थिती तपासायचीही परवानगी होती, आणि ड्युरंट वर उठू लागला तेव्हा जेम्सने जागा घेतलेली नव्हती, असा निष्कर्ष निघाला. अशा महत्त्वाच्या क्षणी निर्णय उलटवण्याची मुभा असावी का यावर तेव्हा खूप वाद झाला. मला ती मुभा योग्यच वाटते. पडद्यावर चूक दिसत असताना ती तशीच ठेवायची, हे कुठल्याच खेळाला शोभणारं नाही.

कॉलेजचा २०२३चा बदलही मला पटतो. त्याआधीच्या काही वर्षांत बचावपटूंनी बचाव करणं सोडून देऊन उडणाऱ्याच्या वाटेत शेवटच्या घटकेला उभं राहायचं आणि पडायचं, हेच कौशल्य करून ठेवलं होतं. चेंडूला हातही लावायचा नाही, फक्त धडक मिळवायची. त्यात दोघांनाही इजा व्हायची भीती. पाय रोवण्याचा क्षण धरला की उशिरा सरकणाऱ्याला बक्षीस मिळत नाही.

रिंगखालच्या त्या कमानीबद्दल थोडं. तिला नो-चार्ज अर्धवर्तुळ म्हणतात. एनबीएने ती १९९७-९८च्या हंगामात आणली, त्रिज्या चार फूट. फिबाने २०१०मध्ये, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर नेली तेव्हाच, १.२५ मीटर त्रिज्येची कमान आखली. अमेरिकन कॉलेजने २०११-१२मध्ये तीन फुटांची आणि २०१५-१६पासून चार फुटांची. कारण सगळीकडे तेच: रिंगच्या अगदी खाली उभा राहिलेला माणूस खेळाडूला अडवत नसतो, तो फक्त धडक मिळवायला थांबलेला असतो. फिबाच्या नियमानुसार चेंडूवाला हवेत असेल, शॉट किंवा पास करत असेल आणि बचावपटूचा एक पाय जरी त्या अर्धवर्तुळाला किंवा त्याच्या रेषेला टेकलेला असेल, तर चार्ज द्यायचा नाही. आक्रमकाने हाताने ढकललं, गुडघा पुढे काढला, तर मात्र सूट नाही.

इथेही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. कमानीत टक्कर झाली की आपोआप ब्लॉक, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कमान फक्त चार्ज काढून घेते, बचावपटूच्या गळ्यात फाउल घालत नाही. तो कमानीत हात सरळ वर करून, नळकांड्यात राहून उडाला आणि समोरचा त्याच्यावर येऊन आदळला, तर खेळ चालूच ठेवायचा. आणि आक्रमक जमिनीवरच असेल, ड्रिबल करत खांद्याने ढकलत येत असेल, तर कमानीतही चार्ज देता येतो. आपल्याकडच्या पुष्कळ सिमेंटच्या मैदानांवर ही रेषा पुसट झालेली असते. सामना सुरू होण्याआधी पंचाने रिंगखाली जाऊन ती नुसती बघितली तरी पुढचे दोन-तीन वाद टळतात.

एवढे नियम तोंडपाठ असलेला पंचही चुकतो, आणि तो चुकतो ते बहुतेकदा नजर चुकीच्या ठिकाणी असल्यामुळे. माणसाचा डोळा चेंडूकडे ओढला जातो. चेंडू हलतो, उसळतो, सगळं मैदान तिकडे बघतं. पण चेंडूकडे बघणाऱ्याला टक्कर दिसते ती झाल्यावर. धप्प असा आवाज येतो, दोघं जमिनीवर पडलेले असतात आणि तो मनातल्या मनात मागे जाऊन अंदाज बांधतो. जेम्स नेस्मिथने १८९१मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ रचला तेव्हा मूळ तेरा नियमांत दोन पंच ठेवले होते: रेफ्रीने चेंडूचा निवाडा करायचा आणि अंपायरने माणसांचा, फाउल टिपायचे. चेंडू आणि माणसं एकाच नजरेत मावत नाहीत हे त्याला पहिल्याच वर्षी कळलेलं होतं. आज पंचांच्या कुठल्याही शिबिरात हेच वेगळ्या शब्दांत शिकवतात: डिफेन्स बघा. आक्रमक काय करणार ते तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे, तो रिंगकडे येणार. न कळणारी गोष्ट बचावपटूची आहे, म्हणून डोळे त्याच्यावर.

एक प्रसंग जवळून बघू. तीन पंचांचा सामना आहे. लीड पंच बेसलाइनवर, ट्रेल खेळाच्या मागे, सेंटर समोरच्या बाजूला. गार्ड ४५ अंशांतून आत घुसतो. त्याचा स्वतःचा बचावपटू मागे पडलेला आहे. त्या दोघांवर नजर ठेवणं हे ज्याच्या भागातून ड्राइव्ह निघाला त्या पंचाचं काम. लीडने मात्र त्या गार्डकडे बघायचंच नाही. त्याने आधीच हेरायचं की मदतीला कोण येणार, आणि रिंगच्या पलीकडल्या बाजूचा तो उंच मुलगा डोळ्यांत धरून ठेवायचा. तो निघाला. पहिलं पाऊल आडवं. दुसरं पाऊल. डावा पाय टेकला, उजवा अजून हवेत आहे, छाती वळते आहे. उजवा टेकला. आता तोंड समोर, दोन्ही पाय जमिनीवर. याच क्षणी लीडने डोळ्याच्या कोपऱ्यातून गार्डचे बूट टिपायचे. बूट अजून जमिनीवर असतील तर बचावपटूची जागा पक्की झाली. बूट सुटलेले असतील तर तो उशिरा आला. मग धक्का कुठे बसला ते बघायचं, आणि त्यानंतर शिट्टी.

हे सगळं दिसण्यासाठी लीडला दोघांमधली फट दिसायला हवी. दोघं एका रेषेत, एकाच्या मागे एक दिसत असतील, तर कितीही जवळ उभं राहून उपयोग नाही. म्हणून बेसलाइनवर एक-दोन पावलं आत-बाहेर सरकून कोन उघडायचा आणि धडकेच्या क्षणी स्वतः स्थिर उभं राहायचं. पळता पळता घेतलेला निर्णय सहसा डळमळीत निघतो. आपल्याकडे शालेय आणि तालुका पातळीवर बहुधा दोनच पंच असतात. तिथे लीडवरचा भार दुप्पट होतो, आणि ट्रेलने मागे रेंगाळून चालत नाही.

क्रिकेटमधल्या पायचीतशी याचं नातं जवळचं आहे. तिथेही टप्पा कुठे पडला, चेंडू पायाला कुठे लागला, तो स्टंपवर गेला असता का, अशा वेगवेगळ्या अटी एका झटक्यात तपासायच्या असतात. पण क्रिकेटच्या पंचाला ठाऊक असतं की घटना त्याच्या समोरच्या बावीस यार्डांत घडणार. बास्केटबॉलच्या पंचाला ती जागाही स्वतः शोधावी लागते.

शिट्टी थोडी उशिरा वाजली तरी चालते, ही गोष्ट नव्या पंचांना पटायला वेळ लागतो. टक्कर सुरू कशी झाली, वाढली कशी, संपली कशी, हे पूर्ण बघून मग निर्णय द्यायचा. कारण प्रत्येक धक्का फाउल नसतो. बचावपटूला नुसता खांदा चाटून गेला, कुणाचं काही अडलं नाही, तर खेळ चालू ठेवायचा. बचावपटू धक्क्याआधीच मागे कोसळला, तर चार्ज नाही. उलट ती नक्कल असेल तर त्याच्यावर कारवाई होते. एनबीएने २०२३-२४पासून अशा नकली पडण्याला सामन्यातच टेक्निकल फाउल ठेवला, समोरच्याला एक फ्री थ्रो. जोरात पडणं हा पुरावा नसतो. गुबगुबीत मॅटवर पडल्यासारखा हात पसरून पडणारा खेळाडू दिसला की पंचाने त्याचे पाय आठवायचे, आवाज नव्हे.

चेंडू हातातून सुटल्यावर झालेल्या धडकेचाही एक बारकावा आहे. फिबाच्या नियमांत शॉट सुटला की संघाचा चेंडूवरचा ताबा संपतो. त्यामुळे शॉट मारून झाल्यावर खेळाडू बचावपटूवर जाऊन आदळला, तर फाउल त्याचा, पण चेंडू आत पडला तर बास्केट मोजायचं. मैदानावर यावरून हमखास आरडाओरडा होतो, आणि पंच बहुधा बरोबर असतो.

शेवटी दोन शिट्ट्यांचा पेच. टक्कर मध्यभागी झाली, दोन पंचांनी एकदम शिट्टी वाजवली, एकाने कमरेवर दोन्ही हात ठेवून ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्याने तळव्यावर मूठ मारून चार्ज. अमेरिकेच्या शालेय नियमांत असं झालं तर दोघांवरही फाउल लिहावा लागतो, म्हणजे पंचांच्या गोंधळाची शिक्षा दोन्ही खेळाडूंना. यावर उपाय सोपा आहे: शिट्टी वाजवून फक्त मूठ वर करायची, पुढची खूण लगेच करायची नाही. सहकाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. ज्याच्या भागातली ती घटना, त्यानेच पुढे यायचं. एक सेकंदाचा हा धीर सामना वाचवतो.

तुमच्या गल्लीत, शाळेत, क्लबात पुढचा सामना असेल तेव्हा एक प्रयोग करा. एक पूर्ण क्वार्टर चेंडूकडे बघू नका. कुणी आत घुसायला निघालं की रिंगजवळचा मदतीला येणारा बचावपटू शोधा आणि त्याचे पाय बघत राहा. टक्कर झाल्यावर पंचाची खूण होण्याआधी स्वतःशी ठरवा, चार्ज की ब्लॉक. जमायला लागलं तर जिल्हा संघटनेकडे पंचांच्या परीक्षेची चौकशी करा. आपल्या मैदानांना शिट्टी वाजवणाऱ्यांची गरज आहे.